ज्या ड्रॉपनं घात केला, तोच पुन्हा का?

पत्र: डॉक्टर, मी शिरोळ तालुक्यातून लिहिते आहे. आमचे आप्पा ६४ वर्षांचे, त्यांना साखर आहे. गेल्या हंगामात ऊस तोडताना त्यांच्या उजव्या डोळ्याला पात लागली. मेडिकलमधून ड्रॉप आणून घातला. दोन दिवस बरं वाटलं, मग डोळा लालभडक झाला आणि बुबुळावर पांढरा डाग आला. मोठ्या दवाखान्यात बुरशी झाल्याचं सांगितलं. 'स्टिरॉइडचा ड्रॉप घातलात म्हणून इतकं वाढलं,' असंही म्हणाले. अडीच महिने औषध केल्यावर डोळा शांत झाला, पण फूल राहिलं. जूनमध्ये बुबुळ बदललं आणि नजर छान आली. परवा कळलं, की शेजारच्या मुलाने बाटली वाचून 'हेही स्टिरॉइडच आहे' असं सांगितल्यापासून आप्पांनी तो ड्रॉप बंद केला आहे. बारा दिवस झाले. डोळा किंचित लाल आहे, सकाळी धुरकट दिसतं म्हणतात, पण दुखत नाही. एका डॉक्टरांनी ज्याला विष म्हटलं तेच दुसरे डॉक्टर देतात, मग आम्ही काय समजायचं? आणि चार बाटल्या आहेत, त्या कशा, किती, कधीपर्यंत घालायच्या? कुणी मध घाला म्हणतं, कुणी गुलाबपाणी. यंदा तोडीला जायचं म्हणून आप्पा हट्ट धरून बसलेत.

उत्तर:

ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना लगेच फोन करा, आजच आप्पांना घेऊन जा, सगळ्या बाटल्या सोबत न्या आणि फोनवर विचारल्याशिवाय कोणताही ड्रॉप आपल्या मनाने सुरू करू नका. तुम्ही त्याच दुपारी निघालात हे फार चांगलं केलंत. तुमच्या नंतरच्या निरोपात लिहिलंय, की शरीर नवं बुबुळ नाकारायला लागलंय असं डॉक्टरांनी सांगितलं, दर तासाला तोच ड्रॉप घालायला लावला, आणि आप्पा डोळा उघडून देतात पण 'ज्यानं डोळा गेला तेच घालताय' एवढंच म्हणत राहतात. म्हणून हे सविस्तर उत्तर तुमच्याइतकंच आप्पांसाठीही आहे. त्यांना वाचून दाखवा.

आप्पा, तुमची भीती खोटी नाही. पहिल्या वेळी त्या ड्रॉपनं तुमचं खरंच नुकसान केलं. उसाची पात कडेला करवतीसारखी असते. ती लागली की कॉर्नियाची, म्हणजे आपण ज्याला बुबुळ म्हणतो त्या पारदर्शक पडद्याची, वरची पातळ साल खरवडली जाते. शेतातल्या पाल्यापाचोळ्यावर फ्युजेरियम, अस्परजिलस अशा बुरश्या असतात. साल शाबूत असेल तर त्यांना आत शिरता येत नाही, खरवडली की वाट मिळते. अशा वेळी स्टिरॉइड घातलं की डोळ्याची लाली उतरते, टोचणं कमी होतं आणि माणसाला वाटतं, गुण आला. पण ती लाली म्हणजे शरीर बुरशीशी लढत असल्याची खूण होती. शरीराचे लढणारे स्टिरॉइडनं थंडावले, बुरशी तशीच राहिली आणि खोल गेली. तुम्हाला जे दोन दिवस बरं वाटलं त्याचा अर्थ हा. पुढे नॅटामायसिन या बुरशीवरच्या औषधाचा ड्रॉप तासातासाला घालून अडीच महिन्यांनी ती आवरली, पण जखमेच्या जागी पांढरा व्रण राहिला. आपण त्यालाच फूल पडलं म्हणतो.

जूनमध्ये तो व्रण काढून दुसऱ्या कुणाचं तरी निरोगी बुबुळ बसवलं. आता तिथे बुरशी नाही. पण तिथे परकं मांस आहे, आणि परकं ओळखून त्याच्यावर धावून जाणं हा शरीराचा स्वभावच आहे. त्या वेळी शरीराची लढाई आपल्याला हवी होती, ती स्टिरॉइडनं मोडली. आता शरीराने लढू नये असं आपल्याला हवंय, आणि ते थोपवून धरणारं औषध तेच आहे. दोन्ही डॉक्टर बरोबर बोलले. औषध एकच, डोळ्याची अवस्था वेगळी.

बुबुळाची एक गोष्ट या सगळ्याच्या मुळाशी आहे. त्यात रक्तवाहिन्या नसतात. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पडदा प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून घेतो आणि पोषण आतल्या पाण्यातून व अश्रूंतून. रक्त पोहोचत नाही म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांचंही तिकडे सहसा लक्ष जात नाही. त्यामुळेच मूत्रपिंड बदललेल्या माणसाला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, पण बुबुळ बदललेल्या बहुतेकांचं काम थेंबांवर भागतं. रक्तवाहिन्या नसल्याची दुसरी बाजू अशी, की जखम अतिशय सावकाश भरते. हातावरची जखम आठ-दहा दिवसांत मिटते. बुबुळाच्या कडेने घातलेले ते केसाहून बारीक नायलॉनचे टाके मात्र बऱ्याचदा वर्षभर किंवा त्याहून जास्त ठेवावे लागतात. वरून डोळा स्वच्छ दिसला, वाचता आलं, म्हणजे आत सगळं भरून आलं असा अर्थ होत नाही. तीन महिन्यांत आप्पांना 'आता बरं झालं' असं वाटणं अगदी साहजिक होतं, पण तेव्हा काम अर्ध्यावरही आलेलं नव्हतं.

शरीराचा हल्ला होतो तो मुख्यतः बुबुळाच्या सर्वात आतल्या थरावर. तो पेशींचा एकच पदर असतो. शेतात साचलेलं पाणी मोटर रात्रंदिवस उपसत राहते, तसा हा पदर बुबुळात झिरपणारं पाणी सतत बाहेर काढतो. म्हणून बुबुळ पारदर्शक राहतं. उपसा कमी पडला की पाणी साचतं, बुबुळ सुजतं आणि धुरकट दिसू लागतं. रात्री डोळा मिटलेला असताना वरून पाणी उडून जात नाही, म्हणून हे धुरकटपण सकाळी जास्त जाणवतं. आप्पा म्हणत होते ते नेमकं हेच असू शकतं. या पदरातल्या मेलेल्या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. प्रत्येक हल्ल्यात काही जातात, त्या कायमच्या. वेळीच गाठलं तर तासातासाच्या स्टिरॉइडनं हल्ला बऱ्याचदा परतवता येतो आणि उरलेल्या पेशी काम निभावतात. उशीर झाला तर बसवलेलं बुबुळ कायमचं पांढरं होतं. तुम्ही चार दिवस अजून थांबला असतात तर मला हे पत्र लिहिणं फार जड गेलं असतं.

आप्पांना आणखी एक गोष्ट सांगते. जगात पहिल्यांदा बुबुळ यशस्वीपणे बदललं ते डिसेंबर १९०५ मध्ये, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी, एडुआर्ड त्सिर्म नावाच्या डॉक्टरांनी. रोगी एक मजूर होता, चुन्यानं त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. दोन्ही डोळ्यांत बुबुळ बसवलं, एकच टिकलं. पुढे कित्येक दशकं हेच चालू होतं. शस्त्रक्रिया चांगली व्हायची आणि नंतर बुबुळ पांढरं पडायचं. १९५० नंतर डोळ्यात घालायचं स्टिरॉइड हाती आलं आणि टिकणाऱ्या बुबुळांचं प्रमाण वाढलं. या बाटलीची किंमत त्या काळच्या रोग्यांना विचारायला हवी होती.

तरीही स्टिरॉइड निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. काही लोकांचा डोळ्यातला दाब त्याने वाढतो आणि लक्षात आलं नाही तर काचबिंदू होतो. दाब वाढलेला रोग्याला कळत नाही, तो मोजावाच लागतो. घरात कुणाला काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. दीर्घकाळ घातल्यास मोतीबिंदूही होतो. जंतूंचा संसर्ग झाला तर स्टिरॉइडमुळे तो झाकला जातो. आणि जखम भरण्याचा वेग ते थोडा मंद करतं, हेही खरं. म्हणून ते हळूहळू कमी करतात. सुरुवातीला दिवसातून सहा-आठ वेळा, मग चार, मग दोन, मग एकदा, असं कित्येक महिने चालतं. बऱ्याच रोग्यांना दिवसातून एक थेंब वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ ठेवतात. ही उतरण कशी असावी ते डोळा तपासणारेच ठरवतील, मी इथून आकडा देणार नाही. 'बंद करू का?' हा प्रश्न मात्र आप्पांनी दर भेटीत विचारावा. विचारायला संकोच वाटतो म्हणूनच माणसं न सांगता बंद करतात, आणि यात दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. पहिल्या वेळी 'स्टिरॉइडनं घात केला' असं सांगितलं गेलं. शस्त्रक्रियेनंतर तेच देताना 'आता हे का चालतं' हे सांगायला दोन मिनिटं कुणी दिली नाहीत.

इतर वाचकांसाठी हे थांबून सांगायला हवं. शेतात डोळ्याला काही लागलं तर मेडिकलमधून ड्रॉप आणू नका. मेडिकलमध्ये डोळ्यासाठी सर्रास मिळणाऱ्या कित्येक ड्रॉपमध्ये प्रतिजैविकासोबत स्टिरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही वाचलंत तर ते स्टिरॉइड आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायला कायद्याने मनाई आहे, तरी मिळतं. घरात पडून असलेली जुनी बाटली दुसऱ्याच्या डोळ्यात घालणं हा त्याचाच घरगुती प्रकार. डोळा बधिर करणारा ड्रॉप तर तपासणीपुरताच असतो. दुखणं लगेच थांबतं म्हणून तो घरी मागू नका. सारखा घातला तर बुबुळाची जखम भरतच नाही, उलट बुबुळ झिजत जातं.

आता तुमच्या चार बाटल्या. तुम्ही पाठवलेल्या नावांवरून त्यात एक स्टिरॉइड आहे, एक प्रतिजैविक, एक डोळ्याचा दाब कमी करणारं आणि एक कृत्रिम अश्रू. चारही एकाच कामाच्या नाहीत हे घरातल्या सगळ्यांना समजलं की निम्मा गोंधळ जाईल. प्रतिजैविक साधारणपणे बुबुळावरची साल नीट जुळेपर्यंत देतात आणि मग थांबवतात. डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं असेल तर 'असू दे, जंतू मरतील' म्हणून चालू ठेवू नका. प्रत्येक थेंबाबरोबर त्यातलं टिकाऊपणाचं रसायनही डोळ्यात जातं. बहुतेक बाटल्यांत ते बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं आणि वारंवार लागलं की नव्या सालीलाच ते त्रास देतं. म्हणूनच दिवसातून पुष्कळदा घालायचे कृत्रिम अश्रू बिनरसायनाचे देतात, छोट्या कुप्यांमध्ये. ती कुपी उघडली की तिच्यावर छापलेल्या मुदतीतच वापरायची. उरलं म्हणून उद्यासाठी ठेवायचं नाही, कारण त्यात जंतू रोखणारं काहीच नसतं.

या कृत्रिम अश्रूंना लोक फार हलकं लेखतात. 'त्यात औषध काय, पाणीच तर आहे' असं म्हणून पहिला काट त्यांच्यावर येतो. बुबुळाची साल नव्याने पसरते ती कडेच्या पेशींपासून मध्याकडे सरकत सरकत, आणि तिला ओलसर पृष्ठभाग लागतो. डोळा कोरडा पडला की पापणी प्रत्येक उघडझाप करताना ती साल पुन्हा खरवडते. साखर असलेल्यांमध्ये हे भरणं आणखी मंद असतं, म्हणून आप्पांची साखर ताब्यात ठेवणं हाही त्या डोळ्याच्या उपचाराचाच भाग आहे. झोपेत त्यांचा डोळा अर्धवट उघडा राहतो का, ते एका रात्री बघा. राहत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते रात्रीसाठी मलम देतील.

घालण्याची रीत. हात साबणाने धुवा. आप्पांना आडवं झोपवा. त्यांचा हात थरथरतो असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा त्यांनी स्वतः घालायचा हट्ट सोडावा आणि घरातल्या एकाच माणसाने हे काम घ्यावं. स्टिरॉइडची बाटली चांगली हलवून घ्या. प्रेडनिसोलोन अॅसिटेटमध्ये औषधाचे कण तळाशी बसतात. न हलवता घातलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं. गालाच्या हाडावर बोट ठेवून खालची पापणी हलकेच खाली ओढा, वरच्या पापणीवर किंवा डोळ्यावर दाब नको. पापणीच्या आत जी खाच दिसते तिच्यात एक थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, कशालाच लागू देऊ नका. मग डोळा अलगद मिटायला सांगा, घट्ट नाही, आणि नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यावर, हाडाच्या दिशेने, बोट मिनिटभर टेकवा. त्याने औषध नाकात उतरून जात नाही आणि घशाला कडू लागत नाही. ओघळलेलं गालावरच टिपा. पदर, टॉवेल, बोळा डोळ्याला लावू नका.

एकच थेंब. डोळ्यात मावतं त्याहून जास्त औषध एका थेंबात असतं, दुसरा थेंब पहिल्यालाच बाहेर ढकलतो. याच कारणाने दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटं सोडायची. आप्पा चारही बाटल्या पाठोपाठ रिकाम्या करत होते असं लिहिलंत, म्हणजे बहुतेक शेवटचंच औषध डोळ्यात राहत असणार. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी, कारण त्याचा थर बसला की पुढचं पाण्यासारखं औषध आत जात नाही. वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घाला, पण भरपाई म्हणून दोनदा नको.

बाटल्या ओळखायला झाकणाच्या रंगावर भरवसा ठेवू नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. स्टिरॉइडच्या बाटलीला रबरबँड गुंडाळा, दाबाच्या बाटलीवर मार्करने मोठी खूण करा, आणि बाटली उघडल्याची तारीख लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून महिन्याभरात टाकून द्यायच्या असतात, अर्धी भरलेली असली तरी. कानाचं औषध आणि चिकटवायच्या द्रवाच्या ट्यूब त्या फळीवर अजिबात नकोत. घाईत त्या डोळ्यात घातल्याचे प्रकार होतात आणि ते फार वाईट असतात.

मध, गुलाबपाणी, एरंडेल, आईचं दूध, यातलं काहीही त्या डोळ्याजवळ नेऊ नका. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मला माहीत आहे. पण यातली एकही वस्तू निर्जंतुक नसते, आणि टाके असलेल्या, स्टिरॉइड चालू असलेल्या डोळ्याला जंतूंचा प्रतिकार करणं आधीच अवघड जात असतं. आप्पांनी या डोळ्यापायी एक वर्ष सोसलंय. पुन्हा जंतू झाले तर दुसरं बुबुळ मिळणं आणि टिकणं दोन्ही पहिल्यापेक्षा कठीण.

'दुखत नव्हतं म्हणून आम्ही थांबलो,' असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे नीट लक्षात घ्या. बुबुळ बदलताना त्यातल्या नसा कापल्या जातात. त्या परत यायला महिने, कधी वर्षं लागतात, आणि पुरत्या येतीलच असं नाही. अशा डोळ्यात दुखणं उशिरा कळतं किंवा कळतच नाही. तेव्हा दुखण्याची वाट पाहायची नाही. रोज सकाळी आप्पांनी डावा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे ठरावीक जागेवरून बघावं. काल वाचता येत होती ती तारीख आज धुरकट वाटली, लाली आली, उजेड सोसवेना, पाणी यायला लागलं किंवा काही खुपायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना. खुपणं हे टाका सैल झाल्याचंही लक्षण असतं. सैल टाक्याभोवती जंतूही होतात आणि नाकारण्यालाही सुरुवात होते. हे नाकारणं आहे की जंतू आहेत, हे तुम्हाला घरी आणि मला पत्रावरून कळणार नाही. एकात स्टिरॉइड वाढवावं लागतं, दुसऱ्यात सावधपणे आवरावं लागतं. म्हणून तर मी तुम्हाला आपल्या मनाने काही सुरू करू नका म्हणाले होते. आणि हा पहारा वर्षभराने संपत नाही. पहिल्या दोनेक वर्षांत धोका जास्त, पण बदललेलं बुबुळ पुष्कळ वर्षांनीही नाकारलं जाऊ शकतं. टाके काढतील त्या आठवड्यांत तर विशेष जपा.

राहिला तोडीचा हट्ट. आप्पा, ज्या फडात डोळा गेला तिथेच परत जायची तुमची ओढ मला कळते, घर त्यावर चालतं. पण बसवलेल्या बुबुळाची कड मूळच्या बुबुळाइतकी मजबूत कधीच होत नाही. बैलाचं शिंग, उसाचं कांडं, कोपर, काहीही जोरात लागलं तर ती कड वर्षांनंतरही उघडू शकते. यंदाच्या हंगामात तोडीला जायचं नाही. गोठ्यातलं शेण काढणं, पाचट जाळणं हेही सध्या दुसऱ्या कुणाकडे द्या. पुढच्या हंगामाचं टाके निघाल्यावर, तुमच्या डॉक्टरांनी डोळा पाहून हो म्हटलं तर बघू, आणि तेव्हाही बाजूंनी बंद असलेला गॉगल लावल्याशिवाय फडात पाय टाकायचा नाही.